आभारातलं नाव

इस्लामपुरात सिकंदर शिकलगारला सिकंदर म्हणून हाक मारणारे थोडेच. बाकीच्यांना तो 'अर्फा साउंड'. मुलगी झाली त्या वर्षी त्याने पहिले मोठे बॉक्स घेतले आणि पेंटरकडून तिचं नाव लाल-पिवळ्या अक्षरांत त्यांच्यावर लिहून घेतलं. त्याआधी बापाचा एक भोंगा होता, सायकलच्या कॅरिअरला बांधलेला. त्या भोंग्यातून उरुसाची कव्वाली गेली, गणपतीची आरती गेली, आणि दर निवडणुकीला सगळ्या पक्षांच्या थापा गेल्या. बापाने पोराला एकच शिस्त लावली होती. माईक लावायचा, खाली यायचं, आपण बोलायचं नाही.

ती शिस्त सिकंदरने गेल्या निवडणुकीपर्यंत पाळली. मग एका यूट्यूब चॅनेलवाल्याने चहाच्या गाड्यावर त्याला गाठलं आणि विचारलं, "चाचा, तुमी सगळ्यांच्या सभा ऐकता. काय फरक वाटतो?" बिचाऱ्याला दुसऱ्याच्या तोंडापुढे माईक धरायची सवय. स्वतःच्या तोंडापुढे आला तसा तो खरं बोलून बसला.

"डोळं मिटून ऐकलं तर कुनाची सभा हाय त्ये कळत न्हाई," तो म्हणाला. "झेंडा बघितला की कळतं."

गाड्यावरचे लोक पोट धरून हसले. पुढारी हसले नाहीत.

पुढारी दोन. लालासाहेब उठता-बसता धर्म आणि संस्कृती सांगणारे, मानसिंगराव उठता-बसता संविधान सांगणारे. एरवी एकमेकांच्या घरच्या मयतीलाही न जाणारी ही माणसं. लालासाहेबांच्या पोरांनी मेसेज फिरवला, 'यांची मजल कुठवर गेली बघा', आणि त्या 'यांची'मध्ये सिकंदरची आख्खी गल्ली आली. मानसिंगरावांची माणसं शिकलेली, त्यांनी शब्द सभ्य वापरले. 'स्वतः अल्पसंख्याक असून प्रतिगाम्यांच्या पथ्यावर पडेल असं विधान.' मागणी मात्र दोघांची एकच, अर्फा साउंडला कुणी बोलवायचं नाही. गणेशमंडळांनी दिलेली सुपारी परत मागितली. लग्नवाले फोन उचलेनात. बॉक्स पत्र्याच्या शेडमध्ये धूळ खात पडले. डोळे मिटून ऐकलं असतं, तर हे दोन बहिष्कारही कुणाचे कुठले ते कळलं नसतं.

मग वारं फिरलं. लालासाहेबांचा पुतण्या शिवतेज बायकांबद्दल गलिच्छ बोलला, म्हणून एका कॉलेजने त्याला पाहुणा म्हणून दिलेलं निमंत्रण मागे घेतलं. त्याच सुमारास मानसिंगरावांच्या गोटातल्या एका प्राध्यापकाचं व्याख्यान कुणीतरी हाणून पाडलं. झालं! ज्यांनी हयातभर इतरांच्या सभा उधळल्या, त्या दोघांना एकाएकी साक्षात्कार झाला की माणसाचं तोंड बंद करणं वाईट असतं. सांगलीत कृष्णेच्या घाटाजवळ परिसंवाद ठरला, 'बहिष्काराची संस्कृती आणि लोकशाही'. दोघं एका व्यासपीठावर.

भरवणारे चिंतामण सर. निवृत्त शिक्षक, व्याख्यानमालेचे कार्यवाह. अन्याय कुठेही होवो, निषेधाच्या पत्रकावर सरांची सही असायचीच. इस्लामपुरात नोकरीला असताना त्यांनी सिकंदरला शिकवलं होतं आणि सिकंदर त्यांना मानायचा. लग्नसराई ऐन भरात असल्याने सांगलीतला एकही साउंडवाला मोकळा नव्हता, तेव्हा सरांना आपला विद्यार्थी आठवला.

"सिकंदर, ये बाबा. फक्त एक कर," सर फोनवर म्हणाले. "बॉक्सवर कापड टाक. तुझं नाव दिसलं तर दोघंही स्टेजवर चढायचे नाहीत."

"म्हंजी बहिष्काराच्या विरोधात सभा, आन् माझ्यावरचा बहिष्कार हाय तसा?"

"अरे, आभार मी मानणार आहे ना! त्या दोघांच्या समोर, भर सभेत तुझं नाव घेईन. एकदा टाळी पडली की संपलं सगळं. मंडळं आपणहून तुझ्याकडे येतील."

सर म्हणत होते ते खोटं नव्हतं. आपल्याकडे आभार कुणी ऐकत नाही, पण आपलं नाव आलं का एवढं मात्र प्रत्येकजण ऐकतो. ज्याचं राहिलं तो वर्षभर रुसतो. ज्याचं घेतलं तो चारचौघांत आला, मग आदल्या दिवशीपर्यंत त्याच्याशी कुणी बोलत नसलं तरी. सिकंदरला त्या एका नावाची आस लागली.

त्याच्या बायकोला, सलिमाला, लागली नाही. "आवं, सर मांडववाल्याच्या बैलाचंबी आभार मानतील, पर तुमचं नाव घेनार न्हाईत," ती म्हणाली. तरी पेटीतल्या दोन कोऱ्या पांढऱ्या चादरी तिने काढून दिल्या. अर्फाच्या लग्नासाठी राखून ठेवलेल्या होत्या त्या.

संध्याकाळी घाटावर गर्दी चांगली जमली. लालासाहेब आले, मिक्सरमागे बसलेल्या सिकंदरकडे बोट दाखवून सरांना म्हणाले, "ह्यो हितं कसा?"

"नाव कुठे नाही, लालासाहेब. झाकलंय," सर घाईने म्हणाले.

"मग ऱ्हाऊ द्या."

मानसिंगरावांनी जाता जाता सिकंदरच्या खांद्यावर हात ठेवला. "सिकंदरभाई, मनाला लावून घेऊ नका. तुमचा विषय वेगळा आहे."

"वेगळा म्हंजी कसा, सायेब?" सिकंदरने विचारलं. पण साहेब तोवर फोटोसाठी वळले होते.

लालासाहेब बोलायला उभे राहिले. कोवळ्या पोराच्या तोंडाला कुलूप घातलं म्हणाले. कोवळा पोरगा म्हणजे शिवतेज, दोन लेकरांचा बाप. आवाज चढत गेला, आणि नेमका तेव्हाच नदीकडून वारा सुटला. उजव्या बॉक्सवरची चादर उडाली आणि लाल-पिवळी 'अर्फा' सगळ्या सभेला दिसली.

"कुनाचाबी आवाज दाबला, तर आमी रस्त्यावर उतरू!" लालासाहेब गरजले. उजवा हात आभाळाकडे होता. डावा हात कमरेच्या खालून कार्यकर्त्यांना खुणावत होता, झाका, झाका. दोन पोरं धावली. त्यांनी चादर ओढून बॉक्सला सुतळीने करकचून आवळली. मानसिंगरावांनी ते बघितलं आणि पाण्याची बाटली उघडून घोट घेतला. सभेने टाळ्या वाजवल्या.

सिकंदरचा हात मिक्सरच्या बटणावर होता. ते बोटभर खाली ओढलं असतं तर लालासाहेबांची नुसती जिवणी हलताना दिसली असती. पण आभार व्हायचे होते. त्याने काही केलं नाही. उलट ओरडून ओरडून लालासाहेबांचा घसा बसायला लागला, तेव्हा त्याने आवाज थोडा वर घेतला, आणि त्याला स्वतःचीच किळस आली.

मग मानसिंगराव बोलले. न पटणाऱ्या माणसाच्या पाठीशी उभं राहणं हीच खरी कसोटी, असं म्हणाले. लालासाहेबांनी मान डोलावली. बाहेरून कुणी आलं असतं तर त्याला वाटलं असतं, या जिल्ह्यात मुंगीचंसुद्धा मत विचारलं जातं.

शेवटी चिंतामण सर उठले. अध्यक्षांचे आभार, पाहुण्यांचे आभार, मांडववाल्याचे नावानिशी आभार. फुलवाला, चहावाला, पत्रकार. खुर्च्या लावणाऱ्या कोंडीबाचेही.

"आणि ध्वनिव्यवस्था..." सर म्हणाले आणि थांबले.

सिकंदर उठून उभा राहिला. त्याने शर्टाचं वरचं बटण लावलं.

सरांनी दोघांकडे बघितलं. लालासाहेब घड्याळात बघत होते, मानसिंगराव मोबाइलमध्ये. कुणी डोळे वटारले नव्हते, कुणी मान हलवली नव्हती. सरांना अडवणारं तिथे कुणीही नव्हतं.

"...ध्वनिव्यवस्थेसह ज्ञात-अज्ञात सर्वांचे मनःपूर्वक आभार," सर म्हणाले आणि घाम पुसून खाली बसले.

सिकंदर उभाच राहिला. राष्ट्रगीत त्यालाच लावायचं होतं. त्याने ते लावलं.

लोक पांगले. तो वायरी गुंडाळत होता तेव्हा सर जवळ आले. "सिकंदर, रागावू नकोस. ऐन वेळी कसं झालं कळलं नाही. पण मनात तुझंच नाव होतं रे."

"मनातलं माईकमदी येत न्हाई, सर."

सर कसनुसं हसले. मग त्यांना चांगली बातमी आठवली. "अरे, पण दोघंही खूश आहेत बरं का! आवाज स्वच्छ आला म्हणाले. पुढचा परिसंवाद उंब्रजला घ्यायचाय, तिथेही तूच पाहिजेस त्यांना. हे कापडाचं तेवढं असंच..."

सिकंदरने सुतळी तोडली. चादर जागोजागी फाटली होती. त्याने तिची नीट घडी घातली आणि सरांच्या हातात ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा तो आपल्या शिक्षकाकडे मान वर करून बघत होता.

"ही तुमाला ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "तोंड झाकायला लागंल."

दोन्ही बॉक्स त्याने टेम्पोत नावं बाहेरच्या बाजूला करून लावले आणि तो इस्लामपूरच्या रस्त्याला लागला.