चार बोटं डावीकडे

उषाबाईंच्या बंदुकीत खोट आहे असं कुणी म्हटलं, तर ते खरंच होतं. सुरतेत पांडेसऱ्याच्या श्रावणातल्या मेळ्यात नऊ वर्षं त्या फुगे फोडायचा स्टॉल लावत होत्या आणि बहुतेक तितकीच वर्षं ती छर्ऱ्याची बंदूक चार बोटं डावीकडे मारत होती. लपवाछपवी मात्र नाही. गिऱ्हाइकाने दस्त्याला हात लावायच्या आत बाई बजावायच्या, "फुग्यावर नको धरू भो. उजवीकडचा खिळा दिसतो? त्याच्यावर धर." लूमवरचे कामगार एव्हाना डोळे झाकून खिळ्यावर नेम धरायचे आणि फुगा फुटायचा.

यंदा मेळ्याच्या कमिटीचा अध्यक्ष झाला योगराज. हा मिलच्या क्वालिटी खात्यातला; घरी पोळीसुद्धा उजेडात धरून बघत असेल. त्याने नियम काढला: तपासल्याशिवाय बंदूक लावायची नाही, आणि दहा तक्रारी झाल्या की स्टॉल बंद. स्टॉल गेला तर उषाबाईंना पुन्हा घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवणं आलं. आणि डोळे आता टिकली कुठली आणि बोट कुठलं ते सांगत नव्हते.

योगराज फॉर्म घेऊन आला. "मावशी, आजवर किती छर्रे मारले असतील?"

"तू लहानपणी किती वेळा शिंकलास ते तुझ्या आईने लिहून ठेवलंय का?"

"स्प्रिंग?"

"चारदा बदलली. आतलं चामडं दर दिवाळीला. दस्ता दोनदा. नळी तेवढी मूळची."

दस्त्याला सायकलची ट्यूब गुंडाळलेली होती. त्यासाठी फॉर्मात रकानाच नव्हता. योगराजने बंदूक वाळूच्या पिशवीवर टेकवली, बारा फुटांवर पुठ्ठा लावला आणि पाच छर्रे मारले. मग पन्नास छर्रे नुसतेच झाडून पुन्हा पाच. दहाही भोकं एका नाण्याखाली झाकतील इतकी जवळ. फक्त सगळी डावीकडे.

"टिकाऊपणा उत्तम," तो म्हणाला. "अचूकता नापास."

"अरे, रोज एकाच जागी मारते! माणसं तरी इतकी शब्दाला धरून असतात का?"

पण योगराजने स्क्रूड्रायव्हर काढला, नेमाची खाच सरकवली आणि पुढचे पाच छर्रे बरोबर मधोमध घातले. शिक्का मारला. बाईंना जागा मिळाली.

संध्याकाळी पहिला आला लूमवरचा पंडित. बाई म्हणाल्या, "आज सरळ फुग्यावर धर हं."

पंडित हसला. स्टॉलवालीने 'सरळ धर' सांगावं आणि आपण ऐकावं, इतका का तो भोळा होता? त्याने खिळ्यावर नेम धरला आणि दहाही छर्रे खिळ्यावर बसले. फुगा एक नाही.

"काय वं उषाबाई, बंदूक बिघाडी टाकी का?"

त्याच्यामागून आलेल्यांचंही तेच झालं. बाई ओरडून सांगत होत्या, आणि त्या जितक्या ओरडत होत्या तितका लोकांचा संशय वाढत होता. आठ वाजेतो नऊ तक्रारी झाल्या. योगराज धावत आला, पाच छर्ऱ्यांत पाच फुगे फोडून गर्दीकडे वळला. "बघा! सरळ आहे की नाही?"

"त्याला बाईनं सांगितलं असणार कुठं धरायचं," कुणीतरी म्हणालं. खोटं तरी काय होतं त्यात! पंडितने दहाव्या तक्रारीसाठी पेन मागितलं.

"योगराज, स्क्रू फिरव," उषाबाई म्हणाल्या.

"मावशी, मी पास केलेली बंदूक मीच वाकडी करू?"

"नको करू. मग स्टॉल उचल, आणि उद्यापासून टिकल्या लावायला तू ये."

योगराजने गर्दी पाहिली. निम्म्यांची मतं त्यालाच पडली होती. तो पडद्यामागे गेला, खाच सरकवली, पुठ्ठ्यावर पाच छर्रे मारून खात्री केली. माणूस शिस्तीचा, वाकडी करायची तर मोजून चार बोटं. बंदूक पंडितच्या हातात गेली. नेम खिळ्यावर. फुगा फुटला.

"हां, आता कशी सरळ झाली!" गर्दीने शिट्ट्या मारल्या. पंडितने पेन परत केलं.

योगराजने फॉर्म गुडघ्यावर ठेवला आणि लिहिलं, 'दुरुस्तीनंतर अचूकता: समाधानकारक.'