हातभर धाबं

आमच्या केदारखेड्यात जुनी घरं धाब्याची. दगडमातीच्या भिंती, वर लाकडाच्या कड्या, कड्यांवर तुराट्या आणि तुराट्यांवर माती. ही माती रानातली काळी नव्हे. नदीच्या अंगाला पांढरट, चिकट माती सापडते, पाणी न पिणारी. तिला आम्ही खारी म्हणतो. पावसाळ्याच्या तोंडावर खारीचा एक थर वर पडला की घर गळायचं नाही. आणि ज्याला तो थर धड घालून घ्यायचा असेल, तो भुजंगनानाला हाक मारायचा.

भुजंगनाना उंच माणूस. पण पाट्या वाहून वाहून एक खांदा खाली उतरलेला, त्यामुळे उभा राहिला तरी कशाला तरी टेकल्यासारखा दिसायचा. घरचं थोडं रान होतं, पण त्याचा जीव छपरांवर. खारी भिजवायची, पायांनी तुडवायची, शिडीने वर न्यायची, पसरायची, पुन्हा तुडवायची. चैत्र-वैशाखाच्या उन्हात गावाच्या डोक्यावर तो एकटाच हळूहळू चालत असायचा. खालून बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस आभाळाच्या कडेकडेने कुठेतरी निघाला आहे. काम संपलं की ओल्या थराच्या एका कोपऱ्यात तो आपली टाच दाबायचा. तेवढी एक खूण. पुढच्या वर्षीच्या थराखाली ती झाकली जायची. कुणी विचारलं तर म्हणायचा, "लोकाला दिसावी म्हणून न्हाई दाबत."

नवा थर घालताना जुना काढायची मात्र आमच्यात रीत नव्हती. जुन्यावर नवा, त्यावर आणखी नवा. घराच्या मधोमध उजेडासाठी चौकोनी भोक ठेवलेलं असतं, त्याला साणं म्हणतात. साण्याच्या कडेला हे सगळे थर भाकरीच्या चवडीसारखे दिसायचे. जितकं धाबं जाड तितकं घर मातब्बर. मुलीकडचे लोक सोयरीक बघायला आले की बैल बघायचे, विहीर बघायचे आणि मग एखादा जाणता शिडीने वर चढून साण्यात हात घालायचा. बोटं खाली लाकडाला टेकली आणि वरची कड कोपराला लागली, की धाबं हातभर.

नानाची बायको गिरिजाबाई अशीच आमच्या गावात आली. ती शहागडची, गोदावरीच्या काठची. पुराचं पाणी चुलीपर्यंत आलेलं तिच्या बापाने कितीदा पाहिलेलं. म्हाताऱ्याने इथे येऊन ना रान पाहिलं ना विहीर. सरळ वर चढला, साण्यात हात घातला, आणि खाली उतरून म्हणाला, कोपर बुडालं, पोरगी कोरडी राहील. झाली सोयरीक. ही गोष्ट नाना पुढे आयुष्यभर सांगत आला. त्याच्या बापाने घातलेलं ते धाबं, आणि त्यावर दरसाल नानाचा थर.

मग त्र्याण्णव सालचा भूकंप झाला. गणपती बुडवून माणसं झोपली होती. आमच्याकडे नुसतं हादरलं. भांडी वाजली, बैल उभे राहिले, कड्यांमधून बारीक माती गळली. पण दिवस वर आला तसा रेडिओ सांगू लागला, की किल्लारीकडे गावंच्या गावं घराखाली गेली. तिकडची घरंही आपल्यासारखीच, मातीच्या छपराची. ते ऐकून जो तो वर बघू लागला.

काही दिवस सगळंच गाव अंगणात झोपलं. मग थंडी पडली आणि एकेक बाज आत गेली. गिरिजाबाईची गेली नाही.

तिने आपलं बिऱ्हाड लिंबाखाली मांडलं आणि ते इतक्या विचाराने मांडलं, की बाया बघायला यायच्या. एक गाठोडं कायम बांधलेलं. त्यात लुगडं, काडीपेटी, गूळ आणि शेंगदाणे. पाण्याची कळशी बाहेरच. घरातली मडक्यांची उतरंड उतरवून तिने मडकी भिंतीकडेला जमिनीवर मांडली. गुरांना ओढली की सुटेल अशी गाठ मारायची. आणि दारात पितळेचं ताट ठेवून त्यात तांब्या उलटा, तांब्यावर पेला. जमीन जरा हलली की पेला ताटात पडेल आणि माणसं जागी होतील. पेला पडायचा, पण मांजरीमुळे. शेजारचा कडूबा म्हणायचा, "वहिनी, आमच्या घरी भूकंप आला न्हाई, पण तुमच्या मांजरीनं झोप नेली."

ती हसायची नाही. हसण्याइतकं बळ तिच्यात राहिलं नव्हतं. दिवसा रानातलं काम आणि रात्री कान उघडे ठेवून पडणं. स्वयंपाकाला आत जायची तेव्हाही एक डोळा कड्यांवर. हिवाळ्यात तिचं अंग धरलं, उन्हाळ्यात डोळे आत गेले. नाना आत झोपायचा, हट्टाने, साण्याच्या बरोबर खाली. दोघांच्या मध्ये नुसतं एक उघडं दार. त्यातून ती त्याचा खोकला ऐकायची आणि तो तिच्या बांगड्या ऐकायचा.

भोकरदनहून एक साहेब आला, पारावर बसून त्याने समजावलं. छपरावरची माती कमी करा, एक थर पुरे, वजन उतरवा. चांगला माणूस होता, कळकळीने बोलत होता. नाना उठून गेला. घरी येऊन म्हणाला, की गळक्या घरात राहा म्हणून सांगायला त्याचं काय जातं.

वैशाख लागला. दरवर्षी या दिवसांत नानाला श्वास घ्यायला फुरसत नसायची. त्या वर्षी थर घालायला एकानेही बोलावलं नाही. दोघं-तिघं आले ते विचारायला, की माती उतरवून देता का. नाना म्हणाला, घालणं माझं काम आहे, काढणं नाही. आणि ओट्यावर बसून राहिला, रिकाम्या पाटीशेजारी.

तेव्हा गिरिजाबाईने पहिल्यांदा तोंड उघडलं. त्याला भाकरी वाढून ती समोर बसली.

"मिरगाचा पाऊस आला की मला बाहेर झोपता येणार न्हाई," ती म्हणाली. "आत मी येणार न्हाई. शहागडला भावाचं पत्र्याचं घर हाये. तिकडं जाते."

"किती दिवस?"

"वरची माती उतरेपर्यंत."

नानाने हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाला, "तुझ्या बापानं हात घालून पाह्यलं व्हतं हे धाबं."

"पाह्यलं व्हतं," ती म्हणाली. "त्यांनी खाली येणारं पाणी पाह्यलं. खाली येणारी माती त्यांना कुठं ठावी व्हती? आता ती माझ्या छातीवर हाये, दिवसा बी."

नाना अर्ध्या भाकरीवरून उठला. या वयात बायको माहेरी जाऊन बसणार, आणि कशासाठी, तर ज्या धाब्यासाठी बापाने दिली त्या धाब्यासाठी. गावाने काय म्हणावं, ही एक गोष्ट. पण त्याहून मोठी ही, की तिच्या बांगड्या ऐकू येणार नाहीत. हे तो बोलला नाही. आम्हाला ते त्याच्या चालीवरून कळत होतं.

आणि मग, भर दुपारी, कडूबाचं घर बसलं. जमीन हलली नव्हती, वाराही नव्हता. आतून किडलेली एक कडी मोडली आणि निम्मं धाबं खाली आलं. घरात कुणी नव्हतं. कडूबाची माणसं रानात होती. सगळं गाव धावलं. नाना फावडं घेऊन सगळ्यांच्या आधी पोचला.

खारीच्या फरशीएवढ्या ढेपा पडल्या होत्या. फुटल्या नव्हत्या, थर थर तसेच. कडूबाची बाज खाली होती. तिचे पाय चार दिशांना फाकलेले आणि सुंभ मातीत गाडलेलं. नाना ढेप उचलू लागला. ती एकट्याला उचलेना. तिघांनी मिळून कडेवर उभी केली तेव्हा वरचा पापुद्रा सुटून गळून पडला, आणि आतल्या थरावर टाच दिसली. लख्ख, कालच दाबल्यासारखी.

कडूबाने वातावरण हलकं करायला म्हटलं, "नाना, तुमचं काम लई पक्कं. पडलं तरी फुटलं न्हाई."

कुणी हसलं नाही. नानाने त्या टाचेवर हात ठेवला, मग बाजेकडे पाहिलं. कुणी त्याला दोष दिला नाही, तसा तो नव्हताही. कडी किडली होती. पण तो फावडं खांद्यावर टाकून घरी गेला आणि शिडी लावली.

वर चढवलेली माती उतरवायला चढवण्याइतकाच घाम लागतो, हे आम्हाला तेव्हा कळलं. वैशाखाचं ऊन डोक्यावर होतं. नाना कुदळीने थर उचकटायचा, पाटी भरायचा, खाली ओतायचा. प्रत्येक थरात एक टाच निघायची. वरच्या टाचा थकलेल्या, एका बाजूला कललेल्या. खाली खाली जावं तशा त्या सरळ होत गेल्या, तरण्या माणसाच्या. मग टाचा संपल्या आणि साधी गुळगुळीत माती लागली. ती त्याच्या बापाची. तिथे नाना थांबला, आणि कुदळ टाकून खाली उतरला.

गिरिजाबाई लिंबाखालून उठली. पदर खोचून शिडी चढली. बाईमाणूस धाब्यावर चढून साण्यात हात घालते, असं आमच्या गावाने कधी पाहिलं नव्हतं. तिने हात घातला, वाकून पाहिलं आणि वरूनच म्हणाली,

"अजून कोपराला लागतंय."

"ते बाबाचं हाये."

"ठाऊक हाये मला," ती म्हणाली. आणि खाली न उतरता तिथेच बसून राहिली, त्या जुन्या मातीवर, उन्हात.

नाना पुन्हा वर गेला. बापाच्या थरांवर त्याने कुदळ मारली नाही, खुरप्याने खरवडले. ती पाटी भरून द्यायची, तो खाली न्यायचा. शेवटी जेमतेम वीतभर माती राहिली. ती दोघांनी मिळून तुडवली. टाच कुणी दाबली नाही.

मृगाच्या आधी तिची बाज आत आली. गाठोडं आणि पितळेचं ताट मात्र दारातच राहिलं, शेवटपर्यंत.

त्या पावसाळ्यात घर गळलं. गळणारच होतं. भुजंगनानाच्या घराला पहिल्यांदा थेंब लागले, हे बघायला लोक काहीतरी निमित्त काढून येऊन गेले. मी गेलो तेव्हा जिथे तिथे भांडी मांडलेली होती. नाना भिंतीला टेकून वर बघत होता, आणि त्याचा चेहरा असा, की जणू गावासमोर त्याला कुणी उघडं केलंय.

"गळून राह्यलं," तो बायकोला म्हणाला. "तुझा बाप म्हणला व्हता, पोरगी कोरडी राहील."

गिरिजाबाई निवांत पाय पसरून बसली होती. तिच्या खांद्यावर एक थेंब पडला, तो तिने पुसला नाही. कित्येक महिन्यांत तिचे डोळे असे जड झालेले मी पाहिले नव्हते.

"गळू द्या," ती म्हणाली. "पाणी अंगावर पडलं तर माणूस उठून बसतंय."

आणि भर दिवसा, भांड्यांत थेंब वाजत असताना, ती भिंतीकडे तोंड करून झोपी गेली.