वसंतभाऊंचा अडणारा चाकू

शाहपूरचे वसंतभाऊ महाजन केळीच्या बागेत शिरले की आधी पानांकडे पाहतात, मग माणसांकडे. लकव्यानंतरही ही सवय गेली नाही. डावा हात मात्र गेला. म्हणजे आहे, पण ठेवाल तिथेच राहतो.

यंदा गणपतीच्या सुमारास ते विळा घेऊन बागेत घसरले. विळा बाजूला पडला म्हणून निभावलं. त्यांचा मुलगा पंकज, माझा जुना विद्यार्थी, इंदूरला नोकरी करतो. त्याने विळा माळ्यावर टाकला आणि घडीचा नवा चाकू आणून दिला. पात्याला बटणासारखी एक बोंडी आहे. ती अंगठ्याने लोटली की पातं एका हाताने उघडतं आणि टक् करून पक्कं बसतं. काम झालं की मिटून खिशात. "हा जमला तर बागेत जा," पंकज म्हणाला, "नाही तर दसऱ्याला आलो की बाग बटाईने दुसऱ्याला कसायला देऊन टाकू."

वसंतभाऊंनी टोपी सारखी केली. अडचणीचा विषय निघाला की ते तेवढंच करतात.

पंधरवड्यात चाकू अडू लागला. अर्धा उघडायचा आणि थांबायचा. दुसऱ्या हाताने ओढावा, तर दुसरा हात कुठून आणणार? त्यांच्या पत्नी शोभाताईंनी त्यात खोबरेल सोडलं. दोन दिवस बरा चालला, मग आणखी अडला. बऱ्हाणपुरात एका दुकानदाराने स्क्रू ढिला करून दिला, तर पातं डुगडुगायला लागलं. तशीच दोघं तिथून शहरातल्या माझ्या घरी आली.

"गुरुजी, पंकजला सांगू नका," वसंतभाऊ खाली बसत म्हणाले. "तो लगेच म्हणेल, बाबा, बस झालं."

मला आधी केळीच्या चिकाची शंका आली. पण उघडमिट केली तेव्हा सांध्यात बारीक करकर लागली. चीक चिकटतो, करकरत नाही. ती माती होती, आणि तेलाने तिचा चिखल झाला होता. मी कोमट साबणाच्या पाण्यात जुन्या ब्रशने सांधा धुतला, कापडाने पुसून उन्हात वाळवला, स्क्रू बेताने आवळला आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला. टक्. वसंतभाऊंनी टोपी सारखी केली, पण या वेळी हसून.

आठवड्याने शोभाताईंचा फोन. "गुरुजी, परत तेच. दसरा तर आला की."

धुतलेल्या चाकूत माती पुन्हा येते कुठून, हे पाहायला मी सकाळच्या बसने शाहपूरला गेलो. दोघं बागेतच होती. वसंतभाऊंनी चाकू उघडायला चांगला जोर लावला. शोभाताईंनी घडाखालचं केळफूल धरलं, वसंतभाऊंनी कापलं. शेजारच्या झाडाची वाळलेली पानं काढायला दोन हात लागतात, ते काम शोभाताईंचं. वसंतभाऊ हळूच वाकले आणि उघडा चाकू ठिबकच्या नळीजवळ ओल्या काळ्या मातीत ठेवला. शोभाताईंनी उचलला, पानं कापली, परत मातीत ठेवला. वसंतभाऊंनी उचलून पँटला पुसला आणि मिटला.

"हातातच का देत नाही?" मी विचारलं.

"हातोहात सुरी दिली की भांडण होतं, गुरुजी," शोभाताई म्हणाल्या. "आमच्या घरात कधी नाही दिली."

"भांडायला आम्हाला सुरी कधी लागली?" वसंतभाऊ म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा."

"तुमच्यापुरता विळा आणा ना माळ्यावरून," मी म्हणालो.

"विळा डोळ्यांपुढे आला की हे उचलतात. तो माळ्यावरच बरा."

मी वसंतभाऊंना चाकू उघडून धरायला लावला आणि सांध्यातली माती काडीने काढून दाखवली. चाकूचा दोष नव्हता, जमिनीवर ठेवण्याचा होता. पण हातात घ्या असं मी शोभाताईंना म्हणालो नाही. लकव्यानंतर त्या नवऱ्याच्या बाबतीत कुठलीच जोखीम घेत नाहीत, लहानातली लहानही नाही.

शोभाताईंनी पदराने हात पुसले. मग नवऱ्याला म्हणाल्या, "मिटा तो, आणि ठेवा खिशात."

त्यांनी मिटून सदऱ्याच्या खिशात ठेवला. शोभाताईंनी पुढे होऊन खिशातून काढून घेतला. "मी घेतला. तुम्ही दिला नाही. झालं?"

पुढच्या झाडाची पानं कापून झाल्यावर त्यांनी तो मिटून पुन्हा त्याच खिशात टाकला, आणि जाता जाता सदऱ्याचं वरचं बटण लावून दिलं. वसंतभाऊ एका हाताने ते कधीच लावत नाहीत.

त्या दिवशी मी तिथेच चाकू पुन्हा धुऊन दिला. दसऱ्याला पंकज आला तेव्हा मलाही जेवायला बोलावणं होतं. पानावर बसण्याआधी त्याने विचारलं, "बाबा, चाकू चालतो का?"

वसंतभाऊंनी खिशात हात घातला. टक्.

पंकजने चाकू मागायला हात पुढे केला. वसंतभाऊंनी तो मिटला आणि खिशात परत ठेवला. "घे ना," ते म्हणाले, "खिशातून घे."

पंकजने आईकडे पाहिलं. ती वरण वाढत होती. बटाईचा विषय जेवताना निघाला नाही, नंतरही नाही.