उजेडाकडे तोंड

आम्ही नवरा-बायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते दोरे बांधायचं. अंगणवाडीतल्या अठरा लेकरांचे अठरा नवे ब्रश, आणि प्रत्येकाच्या दांडीला वेगळ्या रंगाचा दोरा. लेकरांना नाव वाचता येत नाही, रंग ओळखता येतो. मी दोरा धरायचा, तिनं गाठ मारायची. दिवस मावळायला आला होता. मी म्हटलं, "यात माह्या कोणता?"

"तुमाले तीन दात राह्यले. तुमाले ब्रश कशाले, ओला कपडा पुरते," म्हणाली आणि हसली. मग माझ्याकडं नीट पाहून म्हणाली, "कालपासून गाल धरून जेवून राह्यले तुमी. या, ठेवा डोकं मांडीवर. पाहू द्या."

"मी काय तुह्या अंगणवाडीतलं लेकरू होय? अठरा हायेत न तुले? त्यायचंच पाह्य."

"बरं. सकाळी उजेडात पाहू," एवढंच बोलली ती. सकाळी मात्र अंगणात सडा टाकताना बादलीजवळ खाली बसली ती उठलीच नाही.

सगळं गाव माझ्या बायकोला दातवाली टीचर म्हणायचं. आमचं गाव तेलंगणात, बाजारहत्नूरच्या पलीकडं. अर्धं मराठी, बाकीचं तेलुगू आणि गोंडी. इकडं अंगणवाडीच्या बाईला टीचरच म्हणतात. मीही आधी तिला चिडवायला टीचर म्हणायचो, मग जिभेला तेच वळण पडलं.

टीचरची दात पाहायची एक रीत होती. आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं किराणा दुकान, आणि बाजूला ओटा. त्या ओट्यावर ती उगवतीकडे तोंड करून मांडी घालून बसायची. लेकराच्या आईला समोर बसवायची, गुडघ्याला गुडघा लावून. लेकराचे पाय आईच्या कमरेशी, डोकं टीचरच्या मांडीवर. मग एका बोटानं वरचा ओठ अलगद उचलायची. "हिरडीपाशी पांढरी रेघ दिसते का, ते पाह्य. दात काळा झाल्यावर त बैलालेही दिसते," असं आईला म्हणायची. लेकरू तेलुगू असलं तर, "पळ्ळु चूपिंचु, बंगारम." दात दाखव, माझं सोनं. मला चाळीस वर्षांत तिनं कोणत्याच भाषेत सोनं म्हटलं नाही.

हे वेड तिला आमच्याच घरातून लागलं. आमची पोरगी लहान असताना रडायची, म्हणून मी दुधात दोन चमचे साखर घालून बाटली तोंडात द्यायचो. तोंडात बाटली धरूनच ती झोपायची. तीन वर्षांची झाली तेव्हा पुढचे चार दात म्हणजे चार काळ्या खुंट्या. मी म्हटलं, दुधाचे दात आहेत, पडायचेच आहेत. पोरगी मात्र फोटो काढताना ओठ मिटून उभी राहायची, अजूनही तशीच राहते. पुढं टीचरला अंगणवाडीच्या कामाचं शिकायला उटनूरला बोलावलं. तिथून परत आली आणि चहाही न पिता म्हणाली, "दुधाचा दात मोठ्या दाताची जागा धरून ठेवते. मले कोणी सांगतलंच नोतं. आता मी सांगीन सगळ्यायले."

आणि तिनं सांगितलं. सकाळ नाही, दुपार नाही. मी ताटावर बसलो की नेमकी एखादी बाई लेकरू घेऊन दारात. माझी भाकर तव्यावर, आणि टीचर दारात उभी राहून सांगते आहे, दात यायच्या आधी हिरडी ओल्या कपड्यानं पूस, पहिला दात दिसला की ब्रश आण, पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढीच. "आन् रात्री घासल्यावर पाण्याशिवाय काई नाई. पोरगी सात-आठ वर्साची होईपर्यंत ब्रशवर तुहा हात पायजे. तिले वेणी घालता येते का स्वतःची? मंग दात कसे घासता येतीन?" भाकर करपायची. पुतण्याच्या लग्नात सगळे नवरी पाहत होते, आणि ही मांडवाच्या कोपऱ्यात कोणाच्या तरी कडेवरच्या लेकराचा ओठ वर करून पाहत होती.

मला तिच्या रागावण्याचाही हेवा वाटायचा. बायांना ती तासभर रागावायची. मी तंबाखू खायचो, तर मला एकदाच म्हणाली, "सोडा." नाही सोडली, तर पुन्हा बोलली नाही. मला वाटायचं, माझे दात पडले काय आणि राहिले काय, हिला काय त्याचं.

आता जे लिहितो ते सासरी असलेल्या आमच्या पोरीलाही माहीत नाही. टीचरच्या मांडीवरून उठलेलं लेकरू रडत रडत माझ्या दुकानापुढून जायचं. मी बरणीतली संत्र्याची गोळी त्याच्या हातात ठेवायचो. रडं थांबायचं, लेकरू माझ्याकडं पाहून हसायचं. मला बरं वाटायचं. तिच्यापेक्षा मी आवडतो, असं वाटायचं. शेजारच्या लक्ष्मीची रेणू तर रोज संध्याकाळी हात पसरून उभी राहायची, आणि मी रोज द्यायचो. टीचरला कळत नव्हतं, कारण मी कळू देत नव्हतो.

रेणूचे दात खराब व्हायला लागले. टीचर लक्ष्मीला चार बायांत बोलली. "तू घरी गोड देते, आन् इथं नाई म्हनते."

"लेकराची आन, टीचर, आमी काईच देत नाई," लक्ष्मी रडत म्हणाली. मी दुकानात कांदे तोलत होतो. तोलतच राहिलो.

पुढं रेणूचा गाल सुजला. टीचर तिला आणि लक्ष्मीला घेऊन बसनं आदिलाबादला गेली. डॉक्टरनं दाढ काढली. काही दिवसांनी ओट्यावर पुन्हा रेणूचं डोकं मांडीवर घेतलं, तेव्हा तिच्या तोंडाला संत्र्याचा वास आला. "कोनं देल्ली गं गोळी?" पोरीनं पडल्या पडल्या माझ्याकडं बोट केलं.

बायांनी माझ्याकडं पाहिलं. टीचर उठली नाही, ओरडली नाही. लक्ष्मीपुढं हात जोडून म्हणाली, "लक्ष्मी, मी तुले बोलली, आन् ते माह्या घरातलंच निघालं. चूक आमची होय."

आमची म्हणाली. यांची नाही म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्या बरणीत फुटाणे होते. मी रुसून दोन दिवस जेवलो नाही. तिनं दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा ताट झाकून ठेवलं. लक्ष्मीनं माझ्या दुकानात येणं सोडलं. मिठाच्या पुडीसाठी वेशीजवळच्या दुकानापर्यंत जायची, पण टीचरकडं ओट्यावर यायची. माझ्याकडं न पाहता यायची. रेणू आता शाळेत जाते. काढलेल्या दाढेच्या जागी दुसरी दाढ सरकली, आणि मोठा दात वाकडा आला. ती हसली की मी दुसरीकडं पाहतो.

टीचर गेली त्या दिवशी बाया माझ्यापेक्षा जास्त रडल्या. मराठीत रडल्या, तेलुगूत रडल्या. एकीनं तर तिचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. मला त्याचाही राग आला. ते डोकं माझ्या मांडीवर पाहिजे होतं. पण आदल्या संध्याकाळी मांडी मिळत होती, तेव्हा मीच नको म्हटलं होतं. दुपारी सगळं उरकलं. घरी आलो तर खिडकीत अठरा ब्रश दोरे बांधून तसेच ठेवलेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगी म्हणाली, "बाबा, सुतक हाये. कुठं जाऊ नका." मी म्हटलं, सुतक आपल्याला आहे, लेकरांच्या दातांना नाही. ब्रश पिशवीत घालून बाहेर आलो, तर ओट्यापाशी लक्ष्मी उभी. कडेवर रेणूची धाकटी बहीण, वर्षाची. हिला आज दाखवायला आण, असं टीचरनंच सांगून ठेवलं होतं.

"टीचर त गेली," मी म्हटलं.

"मले काय मालूम नाई का, मामा?" ती म्हणाली. सहा वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "बसा तुमी."

"मले नाई येत ते."

"रोज पाहत त होते दुकानातून. बसा."

मी हात धुतले. उगवतीकडे तोंड करून बसलो. लक्ष्मी समोर बसली, गुडघ्याला गुडघा लावून, आणि तिनं पोरीचं डोकं माझ्या मांडीवर टेकवलं. केवढंसं ते वजन. मी एका बोटानं वरचा ओठ उचलला. चार दात. हिरडीपाशी पाहिलं, पुन्हा पाहिलं. रेघ नव्हती.

"चांगले हायेत," मी म्हटलं. "रात्री घासल्याबिगर झोपवू नको."

तेवढ्यात पोरगी माझ्या बोटाला चावली. चारच दात, पण जोरात चावली. मी बोट लगेच काढलं नाही.