हलव्याची बिंदी

देवासात वय फक्त इतरांचं वाढतं, यावर माझ्या धाकट्या आत्याचा ठाम विश्वास होता. पन्नाशी उलटली तरी चाळिशी लावायला ती तयार नव्हती. सुईत दोरा जाईना, तर दोष सुईचा: "हल्ली मेले भोकंच नीट पाडत नाहीत!" लग्नपत्रिका आली की हात लांब करून वाचायची, हात पुरेनासा झाला तेव्हा पत्रिका मला दाराशी धरायला लावून आपण झोपाळ्यावरून वाचू लागली. दूधवाला आला की पातेल्याआधी सुई पुढे. "भिया, जरा धागा डाल दो, मेरे हाथ गीले हैं." हात बारा महिने ओले!

पण सुईशी वैर तिला परवडणारं नव्हतं. ओळखीच्या मराठी घरांतल्या प्रत्येक नव्या सुनेचे पहिल्या संक्रांतीचे हलव्याचे दागिने आत्याच करी. साबुदाण्यावर पाकाचे थेंब देत ती असा काटा फुलवी की बघत राहावं. त्या वर्षी तर तिच्याच सुनेची पहिली संक्रांत. मुलगा म्हणाला, "इंदूरहून विकत आणू." आत्या कडाडली, "माझी सून आणि विकतचे दागिने? जीव गेला तरी नाही!"

मी नोकरीच्या गावाहून, धारहून, सणाला घरी आलो, तेव्हा सून हौसेनं दागिने घालून बघत होती. राजगढची पोर, हिंदी शाळेतली. कपाळावरच्या बिंदीचा एक दाणा निसटला, तो तिनं तोंडात टाकला आणि हळूच म्हणाली, "आई, ये तो कच्चा साबुदाणा आहे." अख्खी बिंदी कोऱ्या साबुदाण्याची! शेजारशेजारच्या दोन डब्यांतला फरक आत्याला दिसलाच नव्हता. आम्ही हसायच्या बेतात होतो, पण तिचा चेहरा पार पडला होता.

ती उठली, पदर खोचला, सुईदोरा घेतला आणि मला ओढत चष्म्याच्या दुकानात गेली. दुकानदार म्हणाला, "माताजी, अखबार पढ़ के देखो."

"अखबार किसको पढ़ना है, भिया?" म्हणत ती एकेक चष्मा लावून सुई ओवून बघू लागली. एकात दोरा पहिल्याच झटक्यात गेला. "डोळ्यांसाठी नाही हं," तिनं मला बजावलं, "बिंदीसाठी घेतेय."

घरी येऊन ती नवी बिंदी करायला बसली. चष्म्यातून खाली पाहिलं आणि थांबली. हात उलटेसुलटे करून बघितले. "माझे हात इतके म्हातारे कधी झाले रे?" सुनेनं सुई घ्यायला हात पुढे केला.

"अंहं," आत्या म्हणाली, "ही मीच करणार. तू शेजारी बस आणि नीट बघ. यापुढच्या सुनांचे दागिने तुला करायचेत."