सोडून मेला

नव्वदच्या दशकात मी नगरच्या एका दवाखान्यात नर्स होते. भिंगारहून ड्यूटीला जाताना रोज एका ताडीवाल्याचं दुकान लागायचं. आसपास ताडाचं एक झाड नव्हतं, तरी त्याची टाकी कधी आटली नाही. पाण्यात तो गुंगीची पांढरी पावडर कालवायचा, हे सगळ्या पेठेला ठाऊक होतं. ग्लास मात्र खांद्यावरच्या टॉवेलने लख्ख पुसायचा आणि मला बघून "नमस्कार, सिस्टर" म्हणायचा.

एकदा त्याचं एक गिऱ्हाईक आमच्या वॉर्डात आलं. बायकोने पोरीची शपथ घालून ताडी एकदम बंद केली होती. तिसऱ्या दिवशी घरीच झटके सुरू झाले. बाहेरची बाधा समजून घरच्यांनी अंगाऱ्यात दिवस घालवला, मग दवाखान्यात आणलं. तो गेला. ती विचारत राहिली, "बाई, माझंच चुकलं का हो?"

घरी येताना मी तडक त्या दुकानात शिरले. "तुझ्या पावडरीनं माणूस मेला!"

तो ग्लास पुसतच राहिला. "माझी पिऊन कुनी मेलं न्हाई, सिस्टर. त्यो सोडून मेला."

म्हणजे हरामखोराला ठाऊक होतं. एकदम सोडली तर जीव जातो, हे रोज त्याचा नमस्कार घेणाऱ्या मलाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त त्या बाईला.