दुसरी चावी

चार जुने शेजारी जमले की चहा निवतो आणि किस्से वाढतात. एक सांगून संपत नाही तोच दुसरा म्हणतो, "अगं, ते राहिलंच की!" आमच्या वाशीच्या बिल्डिंगचे बहुतेक किस्से एका लाकडी फळीवरून निघतात. ती सामंतकाकूंच्या स्वयंपाकघराच्या दारामागे होती.

*

ऐंशीच्या आसपास आम्ही गिरगावातल्या चाळीतून इथे आलो. बारा ब्लॉक, राहणारी कुटुंबं सात. चाळीत दिवसा दार लावायची सवय नाही आणि इथे लॅचचं दार! पहिल्याच आठवड्यात मी दूध घ्यायला खाली गेले आणि खाडीच्या वाऱ्याने दार धाडकन लागलं. आत गॅसवर आमटी, बाहेर मी आणि चावी नवऱ्याच्या खिशात, फोर्टातल्या ऑफिसात.

शेजारच्या गावातल्या पार्वतीबाई तेव्हा मासळी घेऊन आल्या होत्या. पाटी उतरवून त्या माझ्याजवळ जिन्यात बसून राहिल्या. तळमजल्याच्या सामंतकाकूंनी आपल्या मिस्टरांना पाइपावरून आमच्या गॅलरीत चढवलं. दार उघडलं, पण आमटी जळाली आणि मिस्टरांचा पायजमा टरकला.

दुसऱ्या दिवशी काकूंनी फळीवर खिळे ठोकले आणि घरोघर सांगून आल्या, "प्रत्येकाची दुसरी चावी माझ्याकडे. आमच्या ह्यांना पायजमे दोनच आहेत."

*

सगळ्यांनी चाव्या दिल्या, फक्त सांगलीच्या देशपांड्यांनी नाही. ते सरकारी ऑफिसात हेडक्लार्क. महिनाभर विचार करून त्यांनी चावी दिली, ती पाकिटात घालून, लाखेचं सील ठोकून आणि वर सही करून!

मग ते सांगलीला गेले आणि त्यांच्या घरातला नळ उघडा राहिला. पाणी आलं तसं जिन्यातून खाली वाहू लागलं. पण सील फोडायची कोणाची छाती होईना. काकूंनी तार केली, "पाकीट फोडू का?" उत्तराची वाट बघण्यात अर्थ नव्हता, म्हणून सामंत पुन्हा पाइपावर चढले. दुसरा पायजमाही गेला.

परत आल्यावर देशपांडे खाली मान घालून काकूंकडे गेले. या वेळी चावीला पाकीट नव्हतं. सोबत दोन नवे पायजमे होते.

*

हेच देशपांडे एका शनिवारी हाफ डेला घरी आले. स्वतःची चावी विसरले होते, म्हणून काकूंकडून घेतली. काकूंनी घाईत आमची दिली. सगळ्या दारांना एकच हिरवा रंग, त्यामुळे आपल्या दाराला ती लागेना तेव्हा मजला चुकला समजून ते आमचं दार उघडून आत शिरले. मी बाजारातून आले तर आमच्या पलंगावर देशपांडे घोरत होते. मी आपला चहा टाकला. कपाच्या आवाजाने ते उठले आणि अदबीने म्हणाले, "वहिनी, तुम्ही आज आमच्याकडे कशा?"

*

धाकटीच्या वेळी मी बाळंतीण होऊन आठवड्याने घरी आले. घरात शिरले तर केर काढलेला, पाणी भरलेलं, चादरी धुतलेल्या आणि ओट्यावर डिंकाच्या लाडवांचे चार डबे. चारही घरांची चव वेगळी! कोणी केलं विचारलं तर प्रत्येकजण दुसऱ्याचं नाव सांगे. मी ओट्याशी उभी राहून रडले. माहेर नाशिकला, सासर कोकणात आणि इथे माझ्या घराची काळजी घेणारी सहा घरं होती. ते ऋण अजून मनात आहे.

त्या महिनाभर पार्वतीबाईंनीही एक दिवसाआड ताजे मासे आणून दिले. पण उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. बाळ दाखवायला मलाच दारात यावं लागलं.

*

याची काकूंना फार रुखरुख होती. आमची बिल्डिंग उभी आहे तिथे पूर्वी पार्वतीबाईंच्या सासऱ्यांचं भातशेत होतं. "तिच्या जमिनीवर आपण राहतो आणि ती आपल्या दाराबाहेर," काकू म्हणायच्या. हळदीकुंकवाला बोलावलं तरी पार्वतीबाई जिन्यातच बसत. एकदा आम्ही बायका लाँचने मुंबईला फिरायला निघालो, तेव्हा काकूंनी त्यांनाही चला म्हटलं.

"तुमी चावीवाल्या बाया," त्या हसून म्हणाल्या. "मी त्यान कुठं?"

काकूंनी त्यांचा हात धरून त्यांना आत नेलं आणि फळी दाखवली. म्हणाल्या, "हा खिळा रिकामा आहे. तुझी चावी आण, की तू आमच्यातली."

पार्वतीबाई फळीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आमचे घराला कुलूपच नाय, काकी. कदी लावलाच नाय." आणि पाटी उचलून गेल्या.

नंतर आठ दिवस त्या फिरकल्या नाहीत. आम्हाला वाटलं, दुखावलं आपण बाईला. काकूंना जेवण जाईना. ज्यांच्याकडे दाराला कुलूप लागत नाही, त्यांच्याकडे आपण चावी मागितली!

नवव्या दिवशी पार्वतीबाई आल्या. डोक्यावर पाटी नव्हती आणि लुगडं नवं होतं. थेट स्वयंपाकघरात गेल्या, कनवटीची कोरी चावी काढली आणि रिकाम्या खिळ्याला अडकवली.

काकूंनी विचारलं, "म्हणजे आता कुलूप लावायला लागलीस?"

"छ्या! कुलूप पेटीन ठेवलाय," पार्वतीबाई म्हणाल्या. "दार उघडाच हाय."